माक्याच्या गोणीत माकाच आहे काय?

भृंगराज तेल, भृंगराजासव आणि केसांवरचे व यकृतावरचे कितीतरी कल्प ज्या वनस्पतीवर अवलंबून आहेत, ती ओळखण्याचे काम आपण गोणी आणून टाकणाऱ्यावर सोपविले आहे. हे योग्य नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माका (मार्कव) आणि एकदांडी ही दोन्ही सूर्यफुलाच्या कुलातील. भोकर परिसरात पावसाळ्यानंतर दोन्ही मुबलक दिसतात, आणि एकदांडी माक्याच्या नावाने खपविली जाते, हे व्यवसायातील जाणत्यांना नवे नाही. एकदांडी मूळची अमेरिका खंडातील. तेव्हा संहिताकारांना अभिप्रेत असलेला भृंगराज ती असूच शकत नाही. खेड्यापाड्यांत तिचा रस जखमेवर लावतात, तो उपयोग वेगळा. त्यामुळे ती आसवात चालते असे होत नाही.

खरे तर ओळख अवघड नाही. माका ओल शोधतो: पाटाची कड, तळ्याचा काठ, पाणथळ बांध. एकदांडी रस्त्याकडेच्या कोरड्या जागीही तग धरते. या कुलात आपण ज्याला फूल म्हणतो तो अनेक सूक्ष्म पुष्पकांचा स्तबक असतो. माक्याचे स्तबक लहान, पांढरे, पानांच्या बेचक्यात एक-दोन. एकदांडीचा मात्र लांब दांड्यावर एकटाच उभा, मध्यभागी पिवळा. भोवतीच्या पाकळ्या बहुधा पाच, टोकाशी त्रिदंती. नावातच खूण आहे! माक्याचे पान अरुंद व जवळजवळ बिनदेठाचे, एकदांडीचे खोल दातेरी. एकदांडीच्या बियांना केसांचा तुरा असतो व त्या वाऱ्यावर उडतात; माक्याच्या बिया बिनतुऱ्याच्या. शिवाय ताज्या माक्याचा पाला तळहातावर चुरडला की थोड्या वेळाने काळसर डाग पडतो. ही परीक्षा आपल्या आजीबाईंनाही ठाऊक होती.

2000 साली अधिसूचित झालेल्या शेड्यूल टी नुसार कच्च्या द्रव्याची तपासणी व नोंद ही औषधनिर्मात्याची जबाबदारी आहे. ती केवळ रजिस्टरातील सहीने पार पडत नाही. औषधशाळाचालकांनी माल फुलोऱ्यासह, मुळासकट मागवावा. प्रत्येक खेपेतील एक रोप कागदात दाबून, तारीख व गावाचे नाव लिहून ठेवावे. दर थोडा चढेल, तो द्यावा. शंका आली तर रोप जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या द्रव्यगुण विभागास दाखवावे. तयार चूर्ण मात्र विकत घेऊच नये. त्यात पान, फूल, बी काहीच पाहावयास उरत नाही.