पाय पाण्यात की पाण्यावर?

नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावातून जाळे खांद्यावर टाकून निघालेल्या माणसापुढचे पाणी एका जातीचे नसते. तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा या बॅरेजांमागे लांबट फुगवटा साचलेला आहे. विरचक, दरा, रंगावली असे मध्यम प्रकल्प आहेत. नवापूरच्या अंगाला उकाईचे पाणी गुजरातची हद्द ओलांडून आत शिरलेले आहे, आणि सातपुड्याच्या पलीकडच्या उतारावर, अक्कलकुवा-धडगावच्या टोकाला, महाराष्ट्रातल्या 33 गावांना बाधित करून सरदार सरोवर पसरले आहे. यांतल्या कोणत्याही पाण्यात एकट्याने उतरणाऱ्या लहान मच्छीमाराचे पहिले वाहन बहुतेक वेळा एकच असते: ट्रकच्या टायरची जुनी ट्यूब.

हौशी गळकऱ्यांच्या दुनियेत याच ट्यूबचा शिकलेला भाऊ ‘फ्लोट ट्यूब’ या नावाने विकला जातो. त्याला कापडी खोळ असते, बसायला जाळीदार आसन असते, पाठ टेकायला वेगळा हवेचा कप्पा असतो आणि पुढची बाजू इंग्रजी यू किंवा व्ही अक्षरासारखी उघडी असते. माणूस कमरेपर्यंत पाण्यात बसतो आणि पायात फिन घालून, पाठ पुढे करून मागे मागे सरकतो. त्याच्या जोडीला आता प्लॅस्टिकची कयाकही बाजारात सहज मिळू लागली आहे. त्यामुळे हौशी मंडळींबरोबर मच्छीमार संस्थांतल्या तरुण सभासदांच्या तोंडीही हा प्रश्न येतो: पैसे घालायचेच तर कशात घालावेत?

हा हिशेब बहुतेक जण किमतीपासून मांडायला घेतात. पण तो परतीपासून मांडायला हवा. पाण्यात शिरताना कोणतेही साधन चांगलेच वाटते. दुपारी वारा उठला, जाळे भिजून जड झाले आणि अंगातली ताकद अर्ध्यावर आली, म्हणजे काठाला कोण आणते ते महत्त्वाचे.

आधी ट्यूबची बाजू, कारण तिला उगाच हिणवले जाते. ट्रकच्या चांगल्या फुगवलेल्या ट्यूबमध्ये अंदाजे सव्वाशे लिटर हवा मावते, म्हणजे ती सव्वाशे किलोच्या आसपास भार उचलून धरते. साठ किलोचा माणूस, भिजलेले तंगूसचे जाळे आणि दहा-पंधरा किलो मासळी तिला जड नाही. ट्यूबवर आडवी फळी किंवा गोणपाट बांधायचे, जाळ्याची चळत मांडीवर घ्यायची, हातात फळकुटाचे दोन तुकडे वल्ह्यासारखे धरायचे आणि वाव-वाव जाळे सोडत जायचे. आवाज होत नाही आणि उथळ पाण्यातला मासा बुजत नाही. पाणी गुडघाभर असो की पुरुषभर, ट्यूबला फरक पडत नाही. काम झाले की हवा सोडून सायकलच्या कॅरिअरला बांधता येते.

या शेवटच्या गुणाची किंमत नर्मदाकाठी कळते. सरदार सरोवराची पूर्ण पातळी 138.68 मीटर आणि किमान पातळी 110.64 मीटर. म्हणजे भरलेल्या आणि उतरलेल्या पाण्यात सुमारे 28 मीटर उभ्या उंचीचा फरक पडू शकतो. पाणी खाली गेले की काठ म्हणजे चिखलाचा, दगडाचा घसरडा उतार. त्यावरून चार-पाच किलोची ट्यूब कोणीही खाली नेईल. मासेमारीची दहा-बारा फुटी कयाक मात्र साधारण 25 ते 35 किलो भरते. ती एकट्याने खाली नेता येते, पण दमलेल्या संध्याकाळी मासळीसह वर आणणे हे वेगळेच काम आहे. माहितीपत्रकांत कयाक नेहमी सपाट वाळूवर ठेवलेली दिसते. धडगावच्या डोंगरात सपाट वाळू शोधून दाखवावी.

आता ट्यूबची दुसरी बाजू. तिच्यात कप्पा एकच. कारखान्यात बनलेल्या फ्लोट ट्यूबमध्ये निदान दोन स्वतंत्र कप्पे असतात, एक गेला तरी दुसरा माणसाला तोलून धरतो. ट्रकच्या ट्यूबला ही मुभा नाही. आणि टोचायला काय कमी आहे? फुगवट्यात बुडालेल्या बाभळी, डोंगरपाण्यात उभ्या बुडालेल्या झाडांचे बुंधे, बेसाल्टच्या कडा. त्यात मासळीचे स्वतःचे काटे. शिंगाडा किंवा चिलापी जाळ्यातून सोडवताना मांडीवर उडाली, तर तिचा पाठीचा काटा रबराला सोडत नाही. वैशाखातल्या उन्हात काठावर टम्म फुगवून ठेवलेली जुनी ट्यूब जोडावर फुटते, आणि उन्हात फुगवून थंड पाण्यात ढकललेली काही मिनिटांत सैल पडते. हवा थंड झाली की आकसते, गळतीची गरजच लागत नाही.

याहून मोठा धोका पायांना. जाळे पाण्यात, पायही पाण्यात, आणि दोन्ही एकाच माणसाचे. वाऱ्याने ट्यूब स्वतःच्याच जाळ्यावर ढकलली गेली की तंगूसचा फास टाचेत, फिनच्या पट्ट्यात किंवा पँटच्या बटणात अडकतो. पाय झाडावा तसा तो आणखी आवळतो. तंगूस दिसत नाही म्हणून तर मासा त्यात सापडतो; माणसालाही ते दिसत नाही. गळाने मासे धरणाऱ्या हौशी माणसाला ही भीती जवळजवळ नाही, आणि म्हणूनच परदेशी लेखनात फ्लोट ट्यूबचे जे कौतुक वाचायला मिळते ते जाळेवाल्याने जसेच्या तसे घेऊ नये. ते ट्राउटच्या तळ्यांवर, एका दोरीने आणि एका गळाने मासेमारी करणाऱ्यांसाठी लिहिलेले आहे.

हवेवर तरंगण्याची युक्ती मात्र फार जुनी. निमरूदच्या असिरियन राजवाड्यातल्या, इसवी सनपूर्व नवव्या शतकातल्या शिल्पपटात फुगवलेल्या कातड्यांवर पोटाने पडून नदी ओलांडणारी माणसे कोरलेली आहेत. तो दगड आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सिंधू नदीतले पल्ला मासा धरणारे कोळी मोठ्या मातीच्या घड्यावर पोट टेकून जाळे धरत. आपल्याकडे नदी उतरायला वाळलेल्या भोपळ्यांची सांगड होती. यांतले कोणतेच साधन वाऱ्याशी झुंजण्यासाठी नव्हते. प्रवाहाचा अंदाज घेऊन पलीकडे लागणे एवढेच त्यांचे काम.

कयाकचा जन्म नेमका उलट्या गरजेतून झाला. आर्क्टिकमधल्या इन्युइट शिकाऱ्यांना सीलमागे उघड्या समुद्रात जायचे होते. वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर सीलचे ताणलेले कातडे, अशी ती शिकाऱ्याच्या अंगमापाने बेतलेली नाव. लांब, अरुंद, पाणी कापत जाणारी. आजच्या प्लॅस्टिकच्या कयाकने कातडे टाकले, रूप ठेवले. वल्ह्याने ती विनासायास ताशी चार-पाच किलोमीटर जाते. फिन मारून ट्यूब ताशी दीड-दोन किलोमीटर गेली तरी पुष्कळ, आणि समोरून वारा लागला की तेवढेही उरत नाही. उकाईच्या फुगवट्यातला दोन किलोमीटरचा फाटा ओलांडायला एकाला अर्धा तास, दुसऱ्याला तासाच्या वर. हा फरक वेळेचा म्हणून सोडून देता येतो. आभाळ भरून आल्यावर तो सोडता येत नाही.

वाऱ्याला हलके घेऊ नये, याला उजनीइतका ताजा दाखला नाही. 21 मे 2024 रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती ट्यूब नव्हती, बोट होती. उन्हाळ्याच्या शेवटी वळवाच्या आधी जो वारा सुटतो तो दहा मिनिटांत तळ्याचा समुद्र करतो, हे खानदेशात कोणाला शिकवायला नको. तरीही जाळे काढायची वेळ दुपारनंतरची ठेवणारे आहेतच.

कयाक घ्यायचीच तर कोणती? बंद पोटाची, म्हणजे वर बसायची. आत पाय घालून बसायची कयाक उलटली की पाण्याने भरते आणि खोल पाण्यात एकट्याने ती रिकामी करणे जवळजवळ अशक्य असते. वर बसायच्या कयाकला आरपार भोके असतात, त्यांतून पाणी आपोआप निघून जाते आणि उलटली तरी सरळ करून पुन्हा चढता येते. हे चढणे काठाजवळ, छातीभर पाण्यात, जाळे न घेता आधी शिकावे. रुंदी पाऊण मीटरहून कमी नको.

एवढे सगळे असूनही जाळेवाल्यासाठी कयाकला एक मोठी खोट आहे. तिच्या बाजूने जाळे ओढता येत नाही. बसल्या जागी एका अंगाला झुकून झाडाच्या बुंध्यात अडकलेले जाळे हिसडले की कयाक त्या अंगाला कलते, आणि पुढचे सांगायला नको. जाळे नाकाकडून, पायांमध्ये घ्यायचे. म्हणजे नाक जाळ्याच्या रेषेत ठेवायचे. म्हणजे वारा आडवा असेल तर काम थांबवायचे. दीड-दोनशे मीटरचे हलके तंगूस यात निभते. त्याहून मोठे, जड जाळे असेल तर दोन माणसांची सपाट बुडाची नाव हवी, किंवा दक्षिणेतल्यासारखी गोल टोकरी. मेट्टूर, भवानीसागर या जलाशयांत जाळेवाले पिढ्यान्‌पिढ्या टोकरीतूनच काम करतात, कारण तिला बाजूच नाही. कुठूनही ओढले तरी ती फक्त फिरते. महाराष्ट्रातल्या जलाशयांत तिच्याकडे फारसे कोणी का पाहिले नाही, हा या मासिकाला नेहमी पडणारा प्रश्न आहे.

मगरीचा मुद्दा काही जण हसण्यावारी नेतात. जानेवारी 2019 मध्ये सरदार सरोवराजवळच्या तलावातून सी-प्लेन उतरवण्यासाठी मगरी पकडून हलवाव्या लागल्या होत्या. नर्मदेत मगर आहे, एवढे त्यावरून पुरेसे स्पष्ट व्हावे. पाण्यात लोंबणारे पाय आणि पाण्यावर टेकलेले बूड यांत अशा जागी निवड करण्यासारखे फार काही उरत नाही. शिवाय पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने ओढून घेते. पौषातल्या पहाटे दोन तास कमरेपर्यंत पाण्यात बसलेल्या माणसाची बोटे गाठ सोडायच्या कामाची राहत नाहीत, आणि अडकलेला पाय सोडवायच्याही नाहीत.

तेव्हा या मासिकाचे मत असे. दोन्ही काठ हाकेच्या अंतरावर दिसतात अशी गावतळी, पाझर तलाव आणि मध्यम प्रकल्पांचे उथळ कोपरे यांत ट्यूब चालेल. मात्र तिच्यासोबत आत हवा भरलेली दुसरी छोटी ट्यूब किंवा बूच घट्ट लावलेले दोन रिकामे कॅन बांधलेले हवेत, आणि गळ्यात दोरीने अडकवलेला धारदार चाकू हवा. तापीच्या फुगवट्यात ट्यूब फक्त बॅरेजची दारे बंद असताना. वर हतनूरमधून पाणी सोडल्याची बातमी असेल त्या दिवशी कोणतेच लहान साधन पाण्यात घालू नये. उकाईच्या आणि नर्मदेच्या मोकळ्या पाण्यात ट्यूब नको. तिथे गळासाठी आणि हलक्या जाळ्यासाठी कयाक, मोठ्या जाळ्यासाठी दोन माणसांची नाव.

लाइफ जॅकेटविषयी वेगळे मत असायचे कारण नाही. 15 जानेवारी 2019 रोजी, संक्रांतीच्या दिवसात, धडगाव तालुक्यात भूषाजवळ नर्मदेत साठाहून अधिक माणसे बसलेली बोट उलटली आणि मुलांसह अनेकांचे जीव गेले. ते मच्छीमार नव्हते, पण पाणी तेच आहे. 100 न्यूटनचे जॅकेट अंगात असावे, बोटीत पडलेले नसावे. गरम होते ही तक्रार खरी आहे. तिच्यावर उपाय एवढाच की पहाटे निघून ऊन चढायच्या आत परतावे, म्हणजे वाऱ्याचाही बंदोबस्त होतो.

राहिला पैशाचा भाग. एकट्याला कयाक परवडत नाही हे खरे, कारण जुन्या ट्यूबच्या किती तरी पट पैसे तिला पडतात. पण संस्थेला परवडते. 2020 पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत लाभार्थीनिहाय घटकांना अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांसाठी 60 टक्के, इतरांसाठी 40 टक्के अर्थसाहाय्य आहे, आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यात बहुसंख्य सभासद पहिल्या गटात बसतात. प्रस्ताव करताना मोठ्या, यंत्राच्या एकाच बोटीकडे धाव घेण्याची सवय संस्थांनी सोडावी. एक मोठी बोट एकाच्या ताब्यात राहते आणि डिझेलवाचून काठाला लागते. लहान वल्ह्याच्या फायबर नावा आणि दोन-तीन कयाक पाळीपाळीने सभासदांना देता येतात. कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था लहान फायबर नौकांच्या आराखड्यांवर काम करते. सचिवांनी तिच्याशी पत्रव्यवहार करावा, दुकानदाराच्या माहितीपत्रकावर विसंबू नये.

आणि याच योजनेत मच्छीमारांचा अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास 5 लाख रुपये, कायमचे आंशिक अपंगत्व आल्यास अडीच लाख, रुग्णालयाच्या खर्चासाठी 25 हजार. आणि हप्ता मच्छीमाराने भरायचा नाही. ज्याच्या नावावर बोट आहे त्याचेच नाव यादीत घालण्याची चूक सचिवांनी करू नये. ट्यूबवर बसून जाळे टाकणारा सभासद सगळ्यांत आधी त्या यादीत असावा, आणि ती यादी पावसाळ्यानंतर पहिले जाळे पडायच्या आत जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात पोहोचावी.