काल्लाईंचा खरा अपराध

दुसऱ्या महायुद्धातल्या हंगेरीचा विषय निघाला की पंतप्रधान मिक्लोश काल्लाई यांच्यावर दोन आरोप ठरलेले. हिटलरच्या गोटात राहून त्यांनी ब्रिटनशी चोरून संधान बांधलं, हा विश्वासघात; आणि याच खटपटींमुळे १९ मार्च १९४४ रोजी जर्मन फौजा हंगेरीत घुसल्या.

पहिल्या आरोपात दम नाही. जानेवारी १९४३ मध्ये डॉन नदीकाठी हंगेरीच्या दुसऱ्या सैन्याची धूळधाण उडाली होती. परक्याच्या युद्धात आपली पोरं मरू द्यायची आणि त्याला वचनपूर्ती म्हणायचं, ही निष्ठा मला मान्य नाही.

दुसऱ्या आरोपात तथ्य आहे, पण अर्धंच. ९ सप्टेंबर १९४३च्या पहाटेआधी, मार्मारा समुद्रातल्या एका बोटीवर ब्रिटिश राजदूतानं हंगेरीचा दूत लास्लो वेरेश याला अटी ऐकवल्या. शरणागती मान्य, मात्र ती जाहीर करायची दोस्त फौजा हंगेरीच्या सीमेवर आल्यावर. त्या फौजा तेव्हा दक्षिण इटलीत होत्या. सीमेकडे सरकत होती ती लाल सेना, आणि तिच्यापुढे शरण जायला बुडापेस्ट तयार नव्हतं! वाट ब्रिटिशांची पाहिली जात होती.

बरं, गुपित तरी कुठे राहिलं होतं? एप्रिल १९४३ मध्येच हिटलरनं राज्यप्रमुख होर्तींना समोर बसवून काल्लाईंच्या हालचालींचा जाब विचारला होता. म्हणजे तयारीला अकरा महिने मिळाले. तरी जर्मन आले तेव्हा प्रतिकार जवळजवळ झालाच नाही. मे ते जुलै या काळात चार लाखांहून अधिक ज्यूंना हद्दपार केलं गेलं, बहुतेकांना आउशविट्झला. आणि त्यांना गाड्यांत कोंबणारे पोलीस हंगेरीचेच होते. हे पाप वाटाघाटींच्या माथी मारणं मला संतापजनक वाटतं. ज्यूंना हवाली करा ही हिटलरची मागणी काल्लाईंनी, सत्तेवर होते तोवर, धुडकावलीच होती.

त्यांचा अपराध बोलणी केली हा नाही. बोलण्यामागे बंदूक उभी केली नाही, हा आहे. हिटलरच्याच गोटातल्या रुमानियाचीही दोस्तांशी कैरोतली बोलणी महिनोन् महिने रेंगाळली. पण २३ ऑगस्ट १९४४ रोजी राजा मिहाईनं हुकूमशहा अंतोनेस्कूला राजवाड्यातच अटक करवली, आणि सैन्य राजाच्या आज्ञेत राहिलं. होर्तींनी १५ ऑक्टोबरला रेडिओवरून युद्धविराम मागितल्याचं जाहीर केलं तेव्हा त्यांच्या मुलाला जर्मनांनी आधीच पळवलं होतं. सैन्याला द्यायचा आदेश जर्मनधार्जिण्या अधिकाऱ्यांनी अडवला, आणि दुसऱ्याच दिवशी सत्ता नाझीधार्जिण्या सालाशीच्या हाती गेली.