प्रथिनांना शत्रू ठरवू नका

अमुक प्रथिनामुळे कर्करोग होतो, ते बंद पाडले की रोग गेलाच, अशा अर्थाच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. मथळा वाचून वाटते, आता फक्त एका गोळीची वाट पाहायची! विद्यार्थी मित्रहो, अशा मथळ्यांवर लगेच विश्वास ठेवू नये, असे माझे मत आहे. ते का, हे प्रथिनांच्या एका कुटुंबाच्या उदाहरणावरून पाहू.

या कुटुंबाचे नाव एन-एफ-कप्पा-बी. नाव अवघड असले तरी त्याचे काम तुमच्या ओळखीचे आहे. पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. यालाच दाह म्हणतात. हा दाह म्हणजे शरीराने केलेला बंदोबस्त असतो. रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी जंतूंवर तुटून पडतात आणि पुढे जखम भरू लागते. हा बंदोबस्त सुरू करणाऱ्यांत हे कुटुंब प्रमुख आहे. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ साली अमेरिकेत त्याचा शोध लावला.

माणसात या कुटुंबाची पाच प्रथिने आहेत आणि ती जोडीने काम करतात. एरवी आय-कप्पा-बी नावाचे दुसरे प्रथिन या जोडीला पेशीद्रवात अडकवून ठेवते. जंतूची चाहूल लागली की आय-कप्पा-बीचे तुकडे केले जातात. मोकळी झालेली जोडी केंद्रकात शिरते आणि अनेक जनुके चालू करते. त्यांतील काही जनुके दाहाचे संदेश पाठवतात, तर काही संकटातल्या पेशीला मरू देत नाहीत. गंमत अशी की, खुद्द आय-कप्पा-बीचे जनुकही याच यादीत आहे! म्हणजे ही जोडी स्वतःला पुन्हा अडकवण्याची सोय स्वतःच करते. काम संपले की बंदोबस्त उठतो.

पण काटा निघालाच नाही तर? जठरात हेलिकोबॅक्टर हा जंतू किंवा यकृतात हिपॅटायटिस-बीचा विषाणू वर्षानुवर्षे राहू शकतो. मग दाहही चालूच राहतो. दाहातील तीव्र रसायनांमुळे पेशींच्या डीएनएला इजा होते. झीज भरून काढण्यासाठी पेशी पुन्हा पुन्हा विभागतात. जी बिघडलेली पेशी मरायला हवी, तिलाही हेच कुटुंब जगवते. जुनाट दाहाच्या जागी कर्करोग उद्भवतो, असा विचार जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो यांनी १८६३ सालीच मांडला होता.

तर मग हे कुटुंब बंदच का पाडू नये? मायकेल करिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात उंदरांवर केलेले दोन प्रयोग पाहा. या प्रथिनांना मोकळे करणारे एक विकर आहे. आतड्याच्या अस्तरातील पेशींतून ते नाहीसे केले, तेव्हा दाहातून होणाऱ्या गाठी पुष्कळ कमी झाल्या. हे २००४ साली प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी यकृताच्या पेशींतून तेच विकर काढून उंदरांना कर्करोगकारक रसायन दिल्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. या वेळी गाठी वाढल्या! संरक्षण गेल्यामुळे यकृताच्या पुष्कळ पेशी मेल्या, ती जागा भरण्यासाठी उरलेल्या भराभर विभागल्या आणि कर्करोगाला संधी मिळाली.

विकर तेच, पण परिणाम अगदी उलटा. म्हणून हे प्रथिन मित्र की शत्रू, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. ते कोणत्या पेशीत, केव्हा आणि किती काळ काम करते, असे विचारायला हवे.

मग औषधे शोधूच नयेत का? अवश्य शोधावीत, पण त्यांची किंमतही ओळखावी. स्टेरॉइड औषधे या कुटुंबाला काही अंशी आवरतात. ती दीर्घकाळ घेणाऱ्यांना जंतुसंसर्ग लवकर होतो, कारण बंदोबस्तच ढिला पडलेला असतो. हळदीतील कर्क्युमिन काचपात्रातील पेशींत या प्रथिनांना रोखते, हे खरे. पण खाल्लेले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते. तेव्हा भाजीत हळद खुशाल घालावी. तिच्या भरवशावर कर्करोगाचे उपचार मात्र सोडू नयेत.

माझ्या मते शहाणपणाचा मार्ग दाहाचे कारण दूर करण्याचा आहे. हिपॅटायटिस-बीची लस आज उपलब्ध आहे. हेलिकोबॅक्टरवर प्रतिजैविके आहेत. तंबाखू तर एकीकडे डीएनए बिघडवते आणि दुसरीकडे तोंडाचे अस्तर सतत चेतवत ठेवते. तिच्यापासून दूर राहायला कोणत्याही गोळीची गरज नाही.

यापुढे एखाद्या प्रथिनाला खलनायक ठरवणारा मथळा दिसला, तर आधी एवढेच विचारा: प्रयोग काचपात्रात झाला, उंदरात की माणसात? शरीराच्या कोणत्या भागात झाला? आणि ते प्रथिन एरवी आपल्यासाठी काय करते? उत्तरे बातमीत नसतील, तर ती बातमी अपुरी आहे असे समजा.