मागितलेली बंदूक

कोल्हापुरास मराठा लाइट इन्फन्ट्रीची १०९ वी प्रादेशिक पलटण आहे, पुण्यास १०१ वी. नागरिकानें आपला पोटाचा उद्योग संभाळून वर्षाकांठीं दोनेक महिने कवायतीस यावें व प्रसंगीं रणांगणावर जावें, ही या सेनेची मूळ कल्पना. आमच्या सुशिक्षित घरांत तिचें नांव निघालें कीं उत्तर ठरलेलें असतें : "तें काम आपलें नव्हे." हें उत्तर आम्हांस कृतघ्नपणाचें वाटतें.

कारण तें काम आपलें व्हावें म्हणून याच वर्गानें तीस वर्षें सरकारचे उंबरठे झिजविले होते. १८७५ त ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे स्वयंसेवक उभे राहिले, १८७७ त मुंबई व्हॉलंटियर रायफल्स. गोरा कारकून संध्याकाळीं खांद्यावर बंदूक टाकून कवायतीस जाई. शेजारच्या मेजावरील हिंदी कारकुनास तें दार व्यवहारांत बंदच होतें. त्यांत १८७८ चा हत्यारांचा कायदा. १८८५ त रशिया पंजदेहपर्यंत आला तेव्हां हिंदी सुशिक्षितांनीं आपणांसही स्वयंसेवकांत घ्यावें म्हणून अर्ज केले. ते फेटाळले गेले. पुढच्याच वर्षीं कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेंत राजा रामपाल सिंग यांनीं हा प्रश्न तळमळीनें मांडला. दार किलकिलें झालें तें १९१७ त, महायुद्धाच्या निकडीनें. आणि १९२० त कायदे झाले तेही दोन : गोऱ्यांस व अँग्लो-इंडियनांस ऑक्झिलरी फोर्स, हिंदी लोकांस टेरिटोरियल. देशरक्षणाच्या हौसेलाही रंग असतो, हा शोध त्या राज्यकर्त्यांचाच !

९ ऑक्टोबर १९४९ रोजीं राजगोपालाचारींच्या हस्तें प्रादेशिक सेनेचें उद्घाटन झालें. आजोबांनीं मागितलें तें नातवाच्या हातीं आलें, आणि नातवानें हात मागें घेतला.

कोणी म्हणेल, आजचें युद्ध यंत्रांचें. तेथें हौशी शिपायाचें काय काम? १९६२, १९६५ व १९७१ या तिन्ही युद्धांत प्रादेशिक सेना कामास आली होती, हें त्यांस ठाऊक नसावें. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. पायदळाच्या पलटणींस बोलावणें आलें म्हणजे दोन महिन्यांवर भागत नाहीं. कित्येक वर्षें घर सोडून राहावें लागतें, आणि नोकरी व संसार यांची ओढाताण होते. ती आम्ही लहान मानीत नाहीं. पण तीच ओढाताण रांगेंतल्या शेतकऱ्याच्या मुलाच्या घरींही आहे, आणि त्याच्या घरीं तर दुसरा मिळवता हात बहुधा नसतोच. अधिकाऱ्याच्या जागेस पदवी व स्वतःचा उद्योग लागतो. हीं दोन्ही ज्यांच्या घरीं आहेत त्यांनींच "आपलें नव्हे" म्हणावें ?

ज्या घरांतून कोणी या पलटणींत गेलें असेल, त्यांनीं त्याच्या आठवणी आम्हांकडे अवश्य धाडाव्या. पुढील अंकांत त्यांस जागा राखून ठेवली आहे.