फाएन्झा आणि आपण

देऊळगाव राजाहून निघणाऱ्या नियतकालिकाने इटलीतील फाएन्झाच्या प्रवासवर्णनास अग्रस्थान का द्यावे, अशी पृच्छा होईल. जेथे कथिलाच्या पांढऱ्या, कच्च्या लेपावर ओढलेली कुंचल्याची रेघ तत्क्षणी शोषली जात असल्याने ती पुसण्याची सवलत चित्रकारास नसते, त्या नगरीचे १९०८ साली स्थापिलेले मृत्पात्र-संग्रहालय १९४४ च्या मे महिन्यात बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झाले. आणि ९ एप्रिल १९४५ रोजी, तेथून नजीकच सेनिओ नदीवर, मराठा पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोघा जखमींना गोळीबारातून पाण्यापार आणून, शत्रूच्या मशिनगनी निकामी करून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. शकले सांधून ते संग्रहालय पुन्हा उभे राहिले आहे. आमच्या मते, जाधवरावांच्या मुलखातील वाचकास तो प्रांत परका वाटण्याचे काही प्रयोजन नाही.