व्हाळ उन्हाळ्यात कोणाच्या जिवावर वाहतो?



गेल्या रविवारी याच पानावर एका बंधूंनी लिहिले की गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर, म्हणजे 120 इंच पाऊस पडतो, मग पाण्याची ओरड कशाला? कपेलाच्या आवारात बोअर मारा आणि मोकळे व्हा. बंधूंची तळमळ खरी, पण हिशेब चुकला आहे. जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या, त्यामुळे राहवत नाही.

पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर. मग आमचा व्हाळ फेब्रुवारीत कोणाच्या जिवावर वाहतो? वरच्या सड्याच्या! चिऱ्याचा दगड जाळीदार. पावसाचे पाणी त्यात मुरते, खाली चिकणमातीचा थर लागला की अडते आणि आडवे सरकत उताराच्या पायथ्याशी झर होऊन बाहेर येते. चार महिन्यांत प्यायलेले पाणी सडा उन्हाळ्यापर्यंत पुरवून पुरवून देतो. वेर्णेच्या पठाराखालची केसरवाळची झर सर्वांना ठाऊक आहे. अशा लहान झरी गावोगाव आहेत. त्यांच्यावरच बांध घालून, पाट काढून आपली वायंगण शेती झाली, कुळागरे जगली.

जमिनीतल्या पाण्याची पातळी व्हाळाच्या तळापेक्षा वर असेल तोवर जमीन व्हाळाला पाणी देते. उपसून उपसून ती खाली गेली की उलटे होते. व्हाळाचेच पाणी जमिनीत जिरू लागते, आणि मग खाली शेतात उभा असलेला माणूस आभाळाकडे बघत बसतो.

बोअरचे पाणी खोल खडकातले, त्याचा व्हाळाशी काय संबंध, असे पुष्कळजण म्हणतात. मीही म्हणत होतो. खडकाच्या भेगा बहुधा वरच्या थराशी जोडलेल्या असतात, एवढेच आपल्याला दिसत नाही. परिणाम कळायला महिने, कधी वर्षे लागतात, म्हणून दोषी कोणीच ठरत नाही.

1998 साली मी घरामागे बोअर मारली. तिसऱ्या उन्हाळ्यात शेजारच्या मावशीची विहीर मार्चमध्येच तळाला गेली. माझ्यामुळेच, असे छातीठोक सांगता येणार नाही. त्याच सुमारास आणखी चार बोअर झाल्या, सड्यावर चिऱ्यांची खाणही पडली. मावशीने मला कधी विचारले नाही. मीही विषय काढला नाही. आता ती नाही, आणि तिच्या मुलांनी वायंगण सोडून दिले आहे.

2002 च्या भूजल कायद्याप्रमाणे गोव्यात नवी विहीर किंवा बोअर खणायला परवानगी लागते. कपेलाच्या समितीने ती मिळवली, तरी माझा विरोध राहील. आधी आवारातली जुनी विहीर उपसून गाळ काढा. छपरांचे पाणी गटारात न सोडता मुरवा. सड्यावरची उरलेली जागा प्लॉटसाठी मागायला कोणी आले, तर ग्रामसभेत आपण गप्प बसू नये.

सांजांवला, 24 जूनला, पोरे विहिरीत उड्या मारतील तेव्हा पाणी असणारच. मला एप्रिलचे पाणी मोजायचे आहे. गाठी मारलेला दोर मी तयार ठेवला आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर कपेलाच्या विहिरीवर मी असेन. वही धरायला एखादे पोर मिळाले तर बरे, माझी नजर आता अधू झाली आहे.

— एक निवृत्त शिक्षक, केपे तालुका