आधी घोडी घासा!

पोकळ पेटीची विजेवरची गिटार कर्कश वाजली, की आमच्या यवतमाळकडचा पोरगा बापाच्या कापसाचे पैसे घेऊन नवे पिकअप आणायला धावतो. मी मास्तर, उत्तर चुकले म्हणून पाटी फोडू देत नाही! पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे. ते स्क्रूने जरा खाली घ्या, टोनचे बटण उतरवा, चपट्या वेढ्यांच्या फ्लॅटवाउंड तारा चढवा. मिरजेचा कारागीरही तंबोऱ्याची जवारी घोडी घासून काढतो, भोपळा बदलत नाही.

एवढ्याने भागले नाही, तर दुहेरी वेटोळ्याचा हंबकर खुशाल बसवा. १९५५ साली गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी तो घडवला विजेची गुणगुण मारायला. ऊब आपसूक पदरात पडली. मात्र जुन्याच मापाचा घ्या. कोरलेले लाकूड भरून येत नाही, आणि कापसाचे पैसेही!